सुरुवात: जुन्या फाइलीतून

१२ जानेवारी

आज दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही वाईट.

सकाळी झोतवाल्यांचं पत्र आलं. हे गृहस्थ दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत मँगनीजच्या कांडीवर लेझरचा मारा करतात, उडालेल्या वाफेत थोडा ऑक्सिजन सोडतात आणि त्यातून जमलेले मँगनीज ऑक्साइडचे इवलेसे पुंजके निर्वात नळीतून झोतासारखे सोडून त्यांची कंपनं मोजतात. म्हणून आमच्या खोलीत त्यांचं नाव झोतवाले. ते मोजतात, मी संगणकावर काढते: इतके मँगनीज आणि इतके ऑक्सिजन एकत्र आले तर कसे बसतील, कसे थरथरतील. दोन मँगनीजपासून बारापर्यंत अकरा पुंजके. माझी सहा वर्षं त्यात गेली. तीन वर्षांपूर्वी ते छापून आलं, आणि त्या आकड्यांवर विसंबून झोतवाले तेव्हापासून पाणी फोडणारा, म्हणजे त्यातले हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करणारा पुंजका शोधताहेत. टिटवीचा अख्खा प्रबंधही त्यावरच उभा आहे. टिटवी म्हणजे माझी विद्यार्थिनी. कशालाही आधी धोका म्हणते, म्हणून टिटवी.

पत्र अगदी सभ्य आहे. ‘चार मँगनीजच्या पुंजक्याची कंपनं तुमच्या आकड्यांशी जुळत नाहीत. आमचंच चुकत असेल, तरी सवडीनं एकदा बघाल का?’ ‘आमचंच चुकत असेल’ हे शब्द मी तीनदा वाचले. चार चुकला तर पाच चुकला. पाच चुकला तर काहीच उरत नाही.

दिवसभर ते डोक्यात घेऊन घरी आले, तर दारात ताईच्या शिवणाचं गिऱ्हाईक. कोपऱ्यावरच्या शिक्षिका, मुलीचा फ्रॉक परत घेऊन आलेल्या. ताईनं डावी बाही उलटी लावली होती, आतली बाजू बाहेर. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, त्या बाईंच्या देखत म्हणाले, “ताई, बास कर आता. होत नाही तुला. लोकांची कापडं कशाला बिघडवतेस?”

ताई खाली मान घालून टाके उसवत बसली. शिक्षिकाच ओशाळल्या.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील गेले तेव्हा ती एकवीस आणि मी दहा. तिच्या मशिनच्या आवाजात मी अभ्यास केला, त्याच आवाजावर माझं शिक्षण झालं. तिलाच मी हे म्हणाले.

१५ जानेवारी

चारचा पुंजका परत चालवला. उत्तर तेच आलं, पाचव्या दशांश स्थळापर्यंत तेच. एकही कंपन उणं नाही, म्हणजे रचना स्थिर आहे. हायसं वाटलं.

घरी मात्र थंडी आहे. ताई माझ्याकडे बघत नाही. टेबलाशी मी नेहमीसारखी तिच्या डाव्या हाताला बसले होते. तिनं मीठ मागितलं, मी भांडं पुढे केलं. ती समोर बघत राहिली. घेतलं नाही. मी ते टेबलावर ठेवलं, तेव्हा बऱ्याच वेळानं चाचपून स्वतः उचललं. माझ्या हातचं घ्यायचं नाही, असा हा राग. ताई आदळआपट करणारी नाही, तिचा राग आत धुमसतो.

विचारलं नाही. आमच्या घरात विचारत नाहीत. लहानपणापासून एकीचं बिनसलं की दुसरीनं तिच्या वाटेला जायचं नाही, आपोआप निवळेपर्यंत थांबायचं, अशी रीतच पडली आहे. दोनच माणसांच्या घरात भांडण परवडत नाही.

२३ जानेवारी

टिटवी आज खुर्ची ओढून शेजारी बसली.

“मॅडम, एक विचारू? चारची सुरुवात कुठून केली होती?”

“नेहमीसारखी. तीनच्या उत्तरावरून.”

“आणि तीनची?”

“दोनवरून. का?”

“काही नाही. आपलं असंच.”

“तुझं ‘असंच’ मला ठाऊक आहे. ओरड एकदाची.”

“अजून अंडी दिसली नाहीत मॅडम. दिसली की ओरडते.”

सुरुवातीबद्दल इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाच नीट दिसेल. या गणिताला आरंभी एक अंदाज द्यावा लागतो: इलेक्ट्रॉन साधारण असे पसरले असतील. प्रोग्राम तो अंदाज घेतो, सुधारतो, पुन्हा सुधारतो, आणि बदल थांबला की आपण उत्तर मिळालं म्हणतो. शून्यातून सुरू केलं तर मोठ्या पुंजक्याला दोन दोन दिवस लागतात. आधीच्या पुंजक्याचं उत्तरच अंदाज म्हणून दिलं तर चार तासांत काम होतं. सगळे असंच करतात. मी तर तीन तुकड्यांना हे शिकवलं आहे. वर सांगितलं आहे, शहाण्या माणसानं चाक पुन्हा शोधू नये.

३१ जानेवारी

ताईनं मशिनवर खोळ घातली. आठ दिवस झाले, आवाज नाही. घर इतकं शांत आहे की संध्याकाळी पाय आत ठेववत नाही. बास कर म्हणाले, तर तिनं खरंच बास केलं.

चहा ओतताना आज कपाच्या बाहेर सांडला. मी फडकं आणलं, तर म्हणाली, “हा दिवा बदल आधी. त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं.” मी नवा दिवा लावला. तासाभरानं म्हणाली, “याच्याभोवतीही दिसतं.” मी केलेलं काहीच तिला पसंत पडत नाही. दिवाही नाही.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी पुलापर्यंत फिरून येणं हा आमचा वीस वर्षांचा नेम. आज चपला घालून उभी राहिले, तर ताई म्हणाली, “तू जा. तुझी चाल वेगळी, माझी वेगळी.”

“आजच वेगळी झाली?”

“झाली कधीतरी. जा, उजेड आहे तोवर ये.”

गेल्या आठवड्यात गल्लीत एक सायकलवाला तिच्या डावीकडून घासून गेला, तेव्हा ती त्याला फार बोलली. त्यानं घंटी वाजवली होती, मी स्वतः ऐकली, आणि तसं म्हणालेही. मी परक्याची बाजू घेतली, हेही तिच्या मनात असणार.

एकटी पुलापर्यंत गेले. परत येताना तिचं एक जुनं वाक्य आठवलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी म्हणाली होती, “शहाणे, तू पुढे बघ. मागचं मी बघते.”

१४ फेब्रुवारी

झोतवाल्यांचं दुसरं पत्र. तीन मँगनीजचाही जुळत नाही. ‘यंत्र पुन्हा जुळवून घेतलं, दुसऱ्या कांडीवरही मोजलं.’ मी सगळी गणितं वेगळ्या सूत्रानं करून पाहिली. सुरुवात अर्थात जुन्या फाइलींतूनच, नाहीतर महिना गेला असता. आकडे किंचित हलले, चित्र तेच राहिलं.

चिडून जरा कडक उत्तर लिहिलं. ‘दोन स्वतंत्र पद्धतींनी निष्कर्ष एकच येतो. आपल्या झोतात अन्य पुंजक्यांची भेसळ नाही ना, हे तपासावं.’ पाठवल्यावर वाटलं, ‘स्वतंत्र’ हा शब्द नको होता. का ते कळेना.

२२ फेब्रुवारी

ताईचं डोकं काल संध्याकाळपासून दुखतंय. भुवईच्या वर बोट ठेवून, पडदे ओढून पडली होती. एकदा उलटीही झाली. “पित्त आहे,” म्हणाली. तिचं सगळं पित्तच असतं.

मला एकदम वाटलं, दिव्याभोवतीचं ते कडं, हे डोकं. विचारलं, “ताई, डोळे दाखवून येऊ या का?”

ती उठून बसली. उशाजवळच्या डबीतून सुई काढली, दोरा काढला, चष्मा न लावता एका फटक्यात ओवला. सुई माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, “डोळे म्हणे. सत्तावन्न पूर्ण झाली, अजून बिनचष्म्याची ओवते. घे, तू दाखव ओवून, डॉक्टरीणबाई.”

मी चार वेळा प्रयत्न केला, जमलं नाही. “बघ,” ताई म्हणाली, “दाखवायचे तर तुझे दाखवू.” आम्ही दोघी हसता हसता राहिलो. कितीतरी दिवसांनी एवढं बोलणं झालं. सहाच्या सुमारास डोकं उतरलं. डोळ्यांचं काही नाही, हे एक बरं झालं.

५ मार्च

परवा तिच्या डाव्या दंडावर काळंनिळं दिसलं. “दार अर्धवट उघडं ठेवतेस,” म्हणाली. मी दार पूर्ण उघडून त्याला वीट लावली. आज त्याच दंडावर दुसरा डाग. तेव्हा म्हणाली, “वीट कुणी ठेवली मधे?”

हल्ली मी सकाळी तिच्याआधी निघते आणि उशिरा परतते. राग निवळेपर्यंत तिच्या वाटेत येऊ नये, हेच बरं.

११ मार्च

टिटवीला अंडी दिसली.

दुपारी ती दारात उभी. हातात कागदांचा गठ्ठा. “मॅडम, रागावणार नसाल तर सांगते.”

“रागावले तरी सांगणारच आहेस. बस.”

ती बसली नाही. अकराही गणितांच्या छापील प्रती तिनं टेबलावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीचं पहिलं पान वर. पहिलं पान कुणी वाचत नाही. आम्ही सगळे शेवटच्या पानावर उडी मारतो, उत्तर तिथे असतं. पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात प्रोग्राम एक ओळ छापतो. बारापासून तीनपर्यंत प्रत्येक कागदावर ती होती. ‘सुरुवात: जुन्या फाइलीतून.’

“आणि दोनचा?” मी विचारलं.

“दोनचा तुम्ही हातानं दिला होता. नऊ वर्षांपूर्वी.”

मला आठवलं. मँगनीजचा प्रत्येक अणू म्हणजे एक छोटा लोहचुंबक. दोन शेजारी असले तर दोघांचं तोंड एकाच दिशेला, किंवा एकमेकांच्या उलट. मी तेव्हा दोघांचं एकाच दिशेला धरलं होतं. सोपं होतं म्हणून. नंतर तपासू, असं मनात म्हटलंही असेन. तिसरा आला तो त्यांच्याच दिशेनं उभा राहिला, मग चौथा, मग बारावा. दिशा उलटी करून बघणं हे प्रोग्रामचं काम नाही. दिलेल्या अंदाजाला तो फक्त घासूनपुसून लखलखीत करतो.

“मी चारचा शून्यातून केला,” टिटवी म्हणाली. “दोन वर, दोन खाली.”

“ऊर्जा खाली आली?”

“हो.”

“किती?”

तिनं कागदाकडे बोट दाखवलं. मी वाचलं. मग झोतवाल्यांचा कागद काढून शेजारी ठेवला. रेघेवर रेघ बसत होती.

निसर्ग सगळ्यात कमी ऊर्जेची मांडणी निवडतो, सगळ्यात खोल दरीत जाऊन बसतो. माझी दरी खोटी नव्हती. शेजारी तिच्याहून खोल दरी होती आणि मी तिकडे मान वळवली नव्हती, एवढंच. दुसऱ्या सूत्रानं केलेलं गणितही ‘स्वतंत्र’ नव्हतं. तेही त्याच फाइलीतून उठलं होतं.

१३ मार्च

विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला. “छोटीशी दुरुस्ती टाका. एक परिच्छेद. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“सर, अकराच्या अकरा चुकलेत.”

“अकरा म्हणू नका. ‘काही’ म्हणा.”

मी अकराच म्हणेन, असं सांगून आले. लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. टिटवीला सांगितलं, तुझा प्रबंध दीड वर्ष लांबला. ती म्हणाली, “चालेल मॅडम. टिटवीचं कुणी ऐकत नाही म्हणतात. तुम्ही ऐकलंत.” मग भांडी विसळण्याच्या खोलीत जाऊन नळ मोठा सोडून रडली. नळाचा आवाज फार वेळ येत होता.

१४ मार्च

झोतवाल्यांना पत्र नको, बोललंच पाहिजे, म्हणून फोन केला. सगळं सांगितलं. कडक पत्राबद्दल माफी मागितली.

“तीन वर्षं हो,” ते म्हणाले. “आमच्यातला एक जण सोडून गेला मधे. त्याला वाटलं, आपल्याला मोजताच येत नाही.” मग म्हणाले, “बरं केलंत, सांगितलंत.” फोन ठेवताना ते ‘सांभाळा’ म्हणाले.

संध्याकाळी लवकर घरी गेले. ताईला सांगायचं होतं. माझं सगळं बरंवाईट मी आधी तिलाच सांगत आले आहे. ती खिडकीशी बसून वाळलेले कपडे घडी करत होती. मी दाराशी, तिच्या डाव्या अंगाला, दोन-तीन हातांवर उभी राहिले. तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. नुसतंच पाणी वाहायला लागलं. आवाज न करता रडायची मला लहानपणापासून सवय आहे, रात्री मशिनवर बसलेल्या तिला कळू नये म्हणून मी तशी शिकले.

चादरीची घडी झाली. उशीचे दोन अभ्रे झाले. ती वळली नाही. इतक्या जवळून मला रडताना पाहूनही वळली नाही.

मी माझ्या खोलीत आले. इतका राग माणूस कसा धरू शकतं. एका वाक्याचा.

२७ मार्च

ताई पडली. दुपारी दुकानातून येताना फुटपाथच्या कडेला ठेवलेल्या हातगाडीला अडकून. डावं मनगट मोडलं. मला फोन आला तेव्हा मी टिटवीबरोबर दोनच्या पुंजक्याची नव्यानं मांडणी करत होते. टॅक्सीत सारखं मनात येत होतं, ती माझा हात तरी धरेल ना.

तिनं धरला. घट्ट.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. डोक्याला मार नाही ना, हे बघताना म्हणाले, “माझ्या नाकाकडे बघा. माझी बोटं दिसली की सांगा.” दोन्ही हात तिच्या कानांजवळून हळूहळू पुढे आणू लागले. मी वाट बघत होते. बोटं गालांपर्यंत आली, ती गप्प. पार नाकाच्या जवळ आली तेव्हा म्हणाली, “हं, आता दिसली.”

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “यांना उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.”

“सुई ओवते ती,” मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

३० मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात एक पांढरा घुमट आहे. हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि घुमटात कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातली कळ दाबायची. ताईनं उजव्या हातात कळ धरली होती. मी मागे बाकावर होते. मला कण दिसत होते. वर, डावीकडे, खाली, पुन्हा डावीकडे. कळेचा आवाज येत नव्हता. एकदा आला. मग पुन्हा बराच वेळ नाही. मध्येच तिनं विचारलं, “सुरू झालं का हो?”

कागद निघाला. दोन गोल, काळे. डावा जवळजवळ सगळा. उजव्याच्या मध्यावर थोडी राखाडी जागा, मोठ्या नाण्याएवढी.

काचबिंदू. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद होते, आत दाब वाढतो, नस वाळत जाते. यांच्या प्रकारात मधून मधून दाब एकदम चढतो. डोकं दुखतं, उलटी होते, दिव्याभोवती रंग दिसतात. लेझरनं वाट करून देऊ, थेंब देऊ.

“गेलेलं परत येईल?” ताईनं विचारलं.

“नाही. राहिलेलं राखायचं.”

“पण सुई...” मी म्हणाले.

“सुई ओवणारच त्या. मधलं शेवटी जातं. कडेचं आधी.” मग माझ्याकडे वळून त्यांनी कागद पुढे ओढला. “कधीपासून?”

मी म्हणाले, “लक्षात नाही आलं.”

“आठवून सांगा. पहिलं चिन्ह कधी? डोकं किती वेळा, कडं कधी दिसलं, ठेच, धडक. तारखा मिळाल्या तर रोगाचा वेग कळतो, औषध ठरवता येतं. बहुतेक घरांत कुणाला आठवत नाही.”

मला आठवायची गरज नव्हती.

३१ मार्च

आज ही वही उघडून डॉक्टरांसाठी तारखा उतरवल्या. माझी वाक्यं गाळत गेले, तिची तेवढी ठेवली.

१२ जानेवारी, डावी बाही उलटी लागली. १५ जानेवारी, डावीकडून पुढे केलेलं भांडं दिसलं नाही, चाचपून घेतलं. ३१ जानेवारी, शिवण थांबली, चहा कपाबाहेर, दिव्याभोवती रंगीत कडं, दिवा बदलल्यावरही कडं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, डावीकडून आलेली सायकल दिसली नाही. ९ तारखेला फिरणं बंद. २१ आणि २२, भुवईवर दुखणं, उलटी. ५ मार्च, डाव्या दंडावर दाराच्या चौकटीचा मार, दोनदा. १४ मार्च.

१४ मार्चपाशी पेन थांबलं. शेवटी लिहिलं, ‘दोन-तीन हातांवर डावीकडे उभी असलेली व्यक्ती दिसली नाही.’

एकही तारीख मागची आठवण काढून लिहिलेली नाही. सगळ्या माझ्याच अक्षरात, त्या त्या दिवशीच्या. सगळ्यांच्या पुढे एकच शब्द होता: राग. आणि पहिल्या दिवशीचा तो शब्दही मी कुठून आणला? बाही उलटी लागली म्हणून मी बोलले, मी बोलले म्हणून ती रागावली असं ठरवलं. बाही का उलटी लागली, हे पान मी वाचलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. “फार नीट नोंदी आहेत,” म्हणाल्या. कौतुकानंच म्हणाल्या.

“तेव्हा आणलं असतं तर?” मी विचारलं.

त्यांनी कागद खाली ठेवला. “डावा कदाचित तसाही गेला असता. उजव्याचं बरंच राहिलं असतं.”

७ एप्रिल

लेझर झालं. सकाळी सहाला एक थेंब, संध्याकाळी सहाला एक. प्लास्टर अजून तीन आठवडे.

आमच्या कामातही पुन्हा पहिला धडा. टिटवी आणि मी दोन मँगनीज घेऊन बसलो आहोत. सगळ्या दिशा, प्रत्येक वेळी शून्यातून. तिनं भिंतीवर कागद चिकटवला आहे: ‘पहिलं पान आधी.’ बाराव्यापर्यंत पोहोचायला दोन वर्षं लागतील. लेख मागे घेतल्याची सूचना छापून आली. मोठ्या अक्षरात आली.

संध्याकाळी थेंब घालून मी टेबलाशी वही उघडली. ताई म्हणाली, “काय लिहितेस गं रोज त्यात? वाचून दाखव की. आता मला दुसरं काय काम आहे.”

मी १२ जानेवारी वाचली. गाळलं काही नाही. मग १५. आवाज सरळ ठेवत होते. ‘माझ्या हातचं घ्यायचं नाही, असा हा राग’ इथे तिनं थांबवलं.

“कुणाचा राग?”

“तुझा.”

“कशाबद्दल?”

“मी त्या बाईंच्या देखत बोलले म्हणून.”

“ते होय.” ती प्लास्टरवरून उजवा हात फिरवत राहिली. “खरं तेच तर बोललीस. बाही मला दिसलीच नव्हती. मी रागावले नाही शहाणे, घाबरले. मशिनवर बसले की कापडाची एक कड नाहीशी व्हायची. म्हटलं हिला सांगावं, तर तू रोज आलीस की तोंड चढलेलं, बोलणं नाही, सकाळी मी उठायच्या आत पसार. मला वाटलं, रागावलीयस. आयुष्यभर हिच्या उपकारात राहिले, आता ही नुसती गळ्यात पडणार, असं काही मनात आलं असेल. म्हणून मीच तुझ्या वाटेला गेले नाही.”

“सुई का ओवून दाखवलीस मग?”

“तू डोळे म्हणालीस, तेच तर माझ्या मनात होतं. ओवता आली तर काही नाही, असं मीच मला दाखवत होते.”

बाकीचं वाचत गेले, पण १४ मार्च मी वाचलं नाही. ती म्हणाली, “पुढे?” मी म्हणाले, “पुढे कामाचंच आहे.” वही मिटली. हे एवढं तिला कधीच सांगणार नाही.

चहा केला. नेहमीसारखी तिच्या डावीकडे बसायला गेले, आणि थांबले. खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर ठेवली. बसले. तिनं मान थोडी हलवली, उजवीकडे, जरा खाली, भिंगात एखादी वस्तू नेमकी आणावी तशी. मग तिची नजर माझ्या तोंडावर येऊन थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

“किती वाळलीस गं,” ती म्हणाली. “कधीपासून?”